हात पुरेना, चेहरा दिसेना : स्वतःचा फोटो काढण्याचा इतिहास

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' शक्य तेवढे काढलेत. थोडे राहिले असतील, चालवून घ्या.

आजचा विषय म्हणजे स्वतःचा फोटो स्वतः काढणं. सेल्फी म्हटलं की घरातल्या मोठ्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते: "ही पिढी स्वतःच्याच प्रेमात पडलीये." मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा विषय स्वभावाचा कमी आणि यंत्राचा जास्त वाटतो. कॅमेऱ्याला दोन बाजू असतात. एका बाजूला फोटो काढणारा, दुसऱ्या बाजूला ज्याचा फोटो निघतोय तो. आता हे दोघं एकच असतील तर काय करायचं?

लगेच दोन अडचणी येतात. पहिली, बटण कोण दाबणार? थोडक्यात, हात पुरत नाही. दुसरी, फ्रेममध्ये आपण नीट येतोय का हे कसं कळणार? चेहरा दिसत नाही. पहिली अडचण लोकांनी पहिल्याच वर्षी सोडवली. दुसरी नीट सुटायला १५६ वर्षं लागली. आजचा सगळा भाग या १५६ वर्षांबद्दल आहे, आणि ती अडचण सुटल्यावर आपण काय मिळवलं, काय घालवलं याबद्दल.

फिलाडेल्फिया, १८३९

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगापुढे जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर आयोडीनची वाफ द्यायची, तो कॅमेऱ्यात ठेवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. बातमी बोटीने अमेरिकेत पोचली आणि काही आठवड्यांतच फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तिशीतल्या माणसाने ती करून पाहिली.

कॉर्नेलियसच्या घरचा धंदा दिव्यांचा. धातूवर चांदी चढवण्यात त्याचा हात बसलेला, म्हणून पत्रा बनवणं त्याला अवघड नव्हतं. दुकानाच्या मागच्या अंगणात त्याने कॅमेरा मांडला, लेन्सचं झाकण काढलं, धावत समोर जाऊन उभा राहिला, आणि बराच वेळ न हलता थांबला. हा वेळ १० ते १५ मिनिटं असावा असा अंदाज सांगितला जातो. मग परत येऊन झाकण लावलं. झाला फोटो.

हा फोटो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. नेटवर सहज सापडतो, जरूर बघा. केस विस्कटलेले, हाताची घडी, नजर थोडी बाजूला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणूस फ्रेमच्या मध्यभागी नाही, एका कडेला सरकलाय. का? कारण त्याला माहीतच नव्हतं आपण कुठे उभे आहोत. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं. हात पुरला, कारण झाकण काढून पळायला भरपूर वेळ होता. चेहरा मात्र दिसला नाही. आपल्या आजच्या दोन्ही अडचणी या पहिल्याच फोटोत आहेत.

न बुडालेला माणूस

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८४० मध्ये, पॅरिसमध्ये इपोलित बायार नावाच्या माणसाने स्वतःचा एक विचित्र फोटो काढला. उघड्या अंगाचा, डोळे मिटलेले, भिंतीला टेकलेला मृतदेह. मागे त्याने मजकूर लिहिला, त्याचा मथितार्थ असा की हा बायारचा देह आहे, सरकारने दागेरला भरभरून दिलं आणि बायारला काहीच नाही, म्हणून बिचाऱ्याने पाण्यात उडी घेतली.

बायार अर्थातच ठणठणीत होता. त्याने थेट कागदावर फोटो उमटवायची स्वतःची पद्धत शोधली होती, आणि जून १८३९ मध्येच, म्हणजे दागेरचं गुपित जाहीर व्हायच्या आधी, त्याने आपले फोटो लोकांना दाखवलेही होते. तरी मान आणि पेन्शन दागेरला मिळाली. फोटोत त्याचा चेहरा आणि हात काळपट दिसतात. त्यावरही त्याने विनोद केला की देह कुजायला लागलाय.

मला यात गंमत ही वाटते की फोटोग्राफी सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि स्वतःचा फोटो तक्रार करायला, टोमणा मारायला, नाटक करायला वापरून झाला होता. 'हे आत्ताचं फॅड आहे' असं कोणी म्हणालं तर बायारचं नाव सांगा.

राजवाडा आणि रंगलेले हात

आता आपल्याकडे येऊ. कॅमेरा भारतात फार लवकर आला. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. पण कॅमेरा, काचा, रसायनं, अंधारी खोली हा सगळा थाट परवडणारे किती? त्यामुळे आपल्याकडच्या स्वतःच्या फोटोचा इतिहास राजवाड्यात सुरू होतो.

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (राज्यकाळ १८३५ ते १८८०) यांना फोटोग्राफीचा भारी नाद. त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती ओली असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि ओली असेपर्यंतच तो उमटवायचा. हात काळे होणार म्हणजे होणारच. या राजाने तेही केलं, आणि स्वतःचे फोटोही काढले. कधी दरबारी पोशाखात, तर कधी रुद्राक्षांच्या माळा घातलेला शिवभक्त म्हणून.

त्रिपुराचे महाराजा बीरचंद्र माणिक्य आणि राणी मनमोहिनी यांचा एक फोटो १८८० च्या सुमाराचा मानला जातो. राजाने लांब तारेने शटर ओढून तो काढला असं सांगतात. 'भारतातला पहिला सेल्फी' म्हणून तो व्हॉट्सॲपवर तुमच्याकडे कधीतरी आला असेल. 'पहिला' या शब्दाकडे मी जरा संशयानेच बघतो, पण त्या तारेची कल्पना मला आवडते. हात पुरत नाही ना, मग हात लांब करा. ही तार लक्षात ठेवा, ती शंभर वर्षांनी परत येणार आहे.

आणि तिसरे म्हणजे उमराव सिंग शेरगिल (१८७० ते १९५४). चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील. संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक, योगाची आवड. या माणसाने काही दशकं सातत्याने स्वतःचे फोटो काढले, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. पुस्तकांच्या खोलीत बसलेला, आरशासमोर उभा, उघड्या अंगाने आपलं शरीर तपासत असलेला. वय वाढतं, दाढी पांढरी होत जाते, खोल्या आणि शहरं बदलतात. समोर बसलेला आणि कॅमेरा लावलेला माणूस तोच. पुढे त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी हेच जुने फोटो कॉम्प्युटरवर एकत्र जोडून नवी चित्रं तयार केली.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. वेळ, पैसा आणि मोकळी खोली तिघांकडे होती. बाकीच्यांचे फोटो दुसरंच कोणीतरी काढायचं, आणि कसं बसायचं तेही दुसरंच कोणीतरी ठरवायचं. स्टुडिओत 'हनुवटी जरा वर, हं, आता हलू नका' हे ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आरसा, छप्पर आणि काठी

१९०० मध्ये कोडॅकने ब्राउनी नावाचा खोक्यासारखा कॅमेरा एक डॉलरला विकायला काढला आणि कॅमेरा सामान्यांच्या घरात शिरला. चेहरा दिसण्यासाठी मग सोपा उपाय होताच, तो म्हणजे आरसा. रशियाच्या झारची मुलगी अनास्तासिया हिने १९१४ मध्ये, तेरा वर्षांची असताना, खुर्चीवर कॅमेरा ठेवून आरशातला स्वतःचा फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला. सोबत कळवलं की हात थरथरत होते, फार कठीण गेलं. तेरा वर्षांच्या मुलीने फोटो काढून मैत्रिणीला पाठवणं, यात आज तरी नवं काय आहे?

पण आरशाची एक खोट आहे. फोटोत तुमच्यासोबत कॅमेराही येतो, आणि आरसा जिथे आहे तिथेच फोटो निघतो. डोंगरावर आरसा कुठून आणणार?

डिसेंबर १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका इमारतीच्या छपरावर पाच फोटोग्राफर जमले. भला थोरला कॅमेरा दोघांनी दोन्ही बाजूंनी हात लांब करून धरला आणि पाचही जण लेन्सकडे बघत उभे राहिले. आज आपण करतो तसंच, फक्त कॅमेरा एका हातात मावत नव्हता. गंमत म्हणजे हा प्रकार चालू असताना दुसऱ्या कोणीतरी बाजूने त्यांचाही फोटो काढला, म्हणून आपल्याला हे कळलं.

आणि आता ती तार परत येते. १९८० च्या दशकाची सुरुवात. मिनोल्टा या जपानी कॅमेरा कंपनीतले इंजिनिअर हिरोशी उएदा युरोपात फिरायला गेले होते. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी की पॅरिसमध्ये लूव्रपाशी त्यांनी एका मुलाला म्हटलं, आमचा फोटो काढ. मुलगा कॅमेरा घेऊन पळून गेला. यावर कोणी पोलिसात जाईल. इंजिनिअर माणूस परत जाऊन डिझाइन करतो. उएदांनी लांब होणारी एक काठी बनवली, तिच्या टोकाला कॅमेरा लावायचा. १९८३ मध्ये मिनोल्टाने ती बाजारात आणली, आणि सोबतच्या कॅमेऱ्यावर पुढच्या बाजूला छोटा आरसा बसवला, म्हणजे चेहरा दिसावा. हात आणि चेहरा, दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात होती. तरीही ती चालली नाही. १९९५ मध्ये तर जपानच्या निरुपयोगी शोधांच्या एका विनोदी पुस्तकात असली काठी छापली गेली. लोक हसले. पुढे वीस वर्षांनी हीच काठी प्रत्येक पर्यटनस्थळाबाहेर विकायला होती, तोवर उएदांच्या पेटंटची मुदत संपून गेली होती.

काठी तीच, मग आधी का चालली नाही? माझं उत्तर असं की काठीच्या टोकाला फिल्मचा कॅमेरा होता.

छत्तीस संधी

जे माझ्याहून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो. फिल्मच्या रोलमध्ये साधारण ३६ फोटो यायचे. एकेक फोटो विचार करून काढायचा. रोल संपला की तो धुवायला टाकायचा, आणि मग काही दिवसांनी पाकीट उघडल्यावर कळायचं की कोणाचे डोळे मिटले आणि कोणाचं डोकं कापलं गेलं.

आमच्या भाषेत बोलायचं तर फीडबॅक लूप आठवड्याचा होता. समजा तुम्ही कोड लिहिला आणि तो चालला की नाही हे पुढच्या गुरुवारी कळणार. तुम्ही प्रयोग कराल का? नाही करणार. खात्रीचं तेवढंच लिहाल. फिल्मवर लोकांनी तेच केलं. खात्रीचा फोटो म्हणजे कोणीतरी कॅमेऱ्यामागे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी समोर. हात लांब करून अंदाजाने स्वतःचा फोटो काढणं म्हणजे छत्तीसातली एक संधी पाण्यात.

याची किंमत काय होती ते मी आमच्याच घरात पाहिलंय. आमच्याकडे कोडॅकचा केबी-१० होता आणि तो कायम माझ्या काकाच्या गळ्यात. महाबळेश्वर, गणपतीपुळे, चुलतबहिणीची बारशी आणि वाढदिवस, सगळीकडे काका कॅमेऱ्यामागे. २०१२ मध्ये तो गेला. फ्रेम करायला फोटो हवा म्हणून काकूने अल्बम काढले. सात अल्बम होते. त्यात आम्ही सगळे होतो, काका नव्हता. एका फोटोत आम्ही मुलं गवतावर बसलोय आणि पुढ्यात संध्याकाळची लांब सावली पडलीये, कोपर बाहेर काढलेली, कॅमेरा धरलेली. तेवढाच तो. शेवटी पासपोर्ट साइजचा फोटो मोठा करून लावला, ज्यात तो स्वतःसारखा अजिबात दिसत नाही.

मला वाटतं प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. तुमचेही अल्बम काढून बघा, कोण सापडत नाही ते.

फक्त चेहराच बिघडला

आता डिसेंबर १९७५. अमेरिकेत रॉचेस्टरला, कोडॅकच्या प्रयोगशाळेत, स्टीव्हन सॅसन नावाचा पंचवीस वर्षांचा इंजिनिअर एक खोका तयार करतो. वजन ३.६ किलो. आत १०० बाय १०० म्हणजे फक्त दहा हजार पिक्सेलचा सेन्सर. फोटो साठवायला गाण्यांची असते तशी कॅसेट, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालायची आणि टीव्हीवर बघायचं.

सॅसनने प्रयोगशाळेतल्याच एका तरुणीला विचारून तिचा फोटो घेतला. टीव्हीवर चित्र आलं. काळे केस दिसले, मागची पांढरी भिंत दिसली, आणि चेहऱ्याच्या जागी नुसत्या मुंग्या. तिने बघितलं, अजून काम करायला हवं अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि निघून गेली.

झालं काय होतं? प्रत्येक पिक्सेलची उजळता चार बिट्समध्ये लिहिली जायची आणि तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. काळा म्हणजे ००००, तो उलटा वाचला तरी तोच. पांढरा म्हणजे ११११, तोही तोच. पण मधल्या छटा, उदाहरणार्थ ०००१, उलट्या वाचल्या की १०००. एकचे आठ. आणि माणसाचा चेहरा हा सगळा मधल्या छटांचाच असतो. तारा बदलल्यावर चेहरा नीट आला. डीबगिंगच्या गोष्टींमधली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

पण मी ती वेगळ्या कारणासाठी सांगतोय. त्या मुलीने काय केलं बघा. फोटो काढला, मिनिटाभरात पाहिला, आणि नापसंत केला. डिजिटल फोटोच्या पहिल्याच दिवशी हे घडलं. आपण फोटो काढल्यावर 'बघू बघू, शी, परत काढ' म्हणतो, त्याची ही पहिली आवृत्ती. फीडबॅक लूप आठवड्यावरून मिनिटावर आला होता. कोडॅकमधल्या वरिष्ठांना मात्र प्रश्न पडला की स्वतःचे फोटो टीव्हीवर बघायची हौस कोणाला असणार?

लेन्स वळते

पुढची वीस वर्षं डिजिटल कॅमेरे आले, पण आंधळे. १९९४ मधला ॲपलचा क्विकटेक घ्या. फोटो डिजिटल होता, पण कॅमेऱ्यावर तो बघायची सोय नव्हती. कॉम्प्युटरला जोडल्यावर दिसणार. म्हणजे पाकीट उघडण्याच्या जागी केबल आली, एवढंच.

मार्च १९९५ मध्ये जपानमध्ये कॅसिओने क्यूव्ही-१० विकायला काढला, ६५,००० येनला. कॅसिओ म्हणजे आपल्यासाठी कॅल्क्युलेटर आणि घड्याळं. त्यांचा खिशात मावणारे टीव्ही बनवण्याचाही अनुभव होता, म्हणजे छोट्या रंगीत स्क्रीन त्यांच्या हातच्या होत्या. त्यातलीच १.८ इंची स्क्रीन त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवली. डोळा लावून बघायची खिडकीच ठेवली नाही. जे बघायचं ते स्क्रीनवर. फोटो ३२० बाय २४० चे, म्हणजे आज स्टिकर म्हणूनही लहान वाटावेत असे, आणि आत मावायचे ९६.

आणि त्याची लेन्स फिरायची. कॅमेऱ्याची एक बाजू गरकन वळवली की लेन्स तुमच्याकडे आणि स्क्रीनही तुमच्याकडे. हातात धरलेल्या कॅमेऱ्यात माणूस क्लिक करण्याआधी स्वतःला बघतोय, हवं तसं सरकतोय, मग बटण दाबतोय. कॉर्नेलियस कडेला सरकला होता तो प्रश्न इथे सुटला. १८३९ ते १९९५, मघाशी म्हटलेली १५६ वर्षं ती हीच.

त्याच वर्षी जुलैमध्ये जपानमध्येच ॲटलस आणि सेगा या कंपन्यांनी 'प्रिंट क्लब' नावाची खोकी आणली. जपानी लोक त्याला लाडाने प्युरिकुरा म्हणतात. पडद्याआड जायचं, ३०० येन टाकायचे, समोरच्या स्क्रीनवर स्वतःला बघत पोझ द्यायची, आणि छोट्या स्टिकर्सचा ताव बाहेर येतो. कल्पना ॲटलसमधल्या सासाकी मिहो यांची. शाळकरी मुलींनी अक्षरशः रांगा लावल्या, वह्या भरभरून स्टिकर्स जमवले. 'हनुवटी वर' सांगणारा फोटोग्राफर तिथे नव्हता, हे मला त्या रांगांचं मोठं कारण वाटतं.

मग गाडी सुसाट निघाली. १९९९ मध्ये क्योसेराचा व्हीपी-२१० हा फोन आला, पुढच्या बाजूला कॅमेरा असलेला. मुळात व्हिडिओ कॉलसाठी, सेकंदाला दोन चित्रं एवढाच वेग. २००० मध्ये शार्पच्या फोनवर कॅमेरा पाठीमागे होता, म्हणून लेन्सशेजारी बोटाच्या पेराएवढा आरसा लावला. आपल्याकडच्या जुन्या फोनांवर तो चकचकीत ठिपका होता, आठवतोय? अनास्तासियाचा आरसा फिरून फिरून तिथे आला होता. २००९ मध्ये सॅमसंगने पुढेही दीड इंची स्क्रीन असलेला कॅमेरा काढला. आणि जून २०१० मध्ये आयफोन ४ आला, पुढच्या बाजूला जेमतेम तीन लाख पिक्सेलचा कॅमेरा घेऊन, तोही व्हिडिओ कॉलसाठीच. लोकांनी तो कशासाठी वापरला हे तुम्हाला माहीत आहे.

'सेल्फी' हा शब्द ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये एका वेबसाइटवर लिहिलेला सापडतो. पडून ओठ फुटलेल्या माणसाने आपला धूसर फोटो टाकला होता. ऑक्सफर्डने तो २०१३ चा शब्द म्हणून निवडला. म्हणजे बघा, शब्द सगळ्यात शेवटी आला.

अंतर शून्य झाल्यावर

तर क्लिक आणि चेहरा दिसणं यातलं अंतर शून्य झालं. बरं झालं की वाईट?

आधी वाईट बाजू सांगतो. पहिलं, स्क्रीन खरं सांगत नाही. ती आरशासारखी उलटी प्रतिमा दाखवते, आणि आपण आयुष्यभर आरशातच स्वतःला बघितलेलं असतं. १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. लोकांना त्यांचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा. स्वतः त्या व्यक्तीला आरशातला जास्त आवडला, तिच्या मैत्रिणीला किंवा जोडीदाराला सरळ. ज्याला जे सवयीचं, ते त्याला बरं वाटतं. फोनने फोटो सेव्ह करताना सरळ केला की 'हा मी वाटतच नाही' होतं, ते यामुळे.

दुसरं, हाताचं अंतर. २०१८ मध्ये डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लेन्सच्या जवळचं मोठं दिसतं, एवढंच. तरी कित्येक जण ते नाक खरं मानून हिरमुसतात, काही तर डॉक्टर गाठतात.

तिसरं सगळ्यात गंभीर. स्क्रीन चेहरा दाखवते, पायाखालचं दाखवत नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडली आणि तिला वाचवायला उडी घेतलेला माणूसही बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या पंधरा-सोळा जागा सेल्फीसाठी धोक्याच्या ठरवल्या. याला मी वेडेपणा म्हणून सोडून देत नाही. हे त्या यंत्राच्या रचनेतच आहे. नजर पूर्णपणे स्क्रीनवर आणि पाठ धोक्याकडे. पावसाळ्यात गडावर जाणार असाल तर एवढं तरी करा, आधी थांबा, मागे वळून कड किती लांब आहे ते डोळ्यांनी बघा, मग फोन काढा. त्यापेक्षा बरं म्हणजे सोबतच्याला सांगा, तू काढ.

चौथं नुकसान आवाज न करता होतं, आणि ते म्हणजे डिलीट. फिल्मवर चुकलेला फोटोही अल्बममध्ये राहायचा, कारण पैसे भरलेले असायचे. आता आपण वीस काढतो, एकोणीस उडवतो, आणि राहिलेल्या एकात आपण नेहमी सारखेच दिसतो. कॉर्नेलियसकडे क्यूव्ही-१० असता तर कडेला सरकलेला, केस विस्कटलेला तो फोटो त्याने नक्की उडवला असता.

आणि चांगली बाजू? ती मी मघाशीच सांगितली, सात अल्बममध्ये नसलेल्या माणसाची. काका जायच्या वर्षभर आधी चुलतबहिणीने तिच्या फोनवर हात लांब करून दोघांचा एक फोटो काढला होता. काकाचं अर्धं कपाळ कापलेलं, फोटो हललेला, तो मोठ्याने हसतोय. फोनमध्ये जागा हवी म्हणून ती तो उडवणार होती, राहून गेला. फ्रेममध्ये आजही पासपोर्टवालाच आहे. पण काकू ज्याच्याकडे बघते तो हा हललेला फोटो.

बीरचंद्रांना राजवाडा लागला, उमराव सिंगांना मोकळी खोली आणि फुरसत लागली. माझ्या बहिणीला दोन मेगापिक्सेलचा जुना फोन पुरला. म्हणून 'ही पिढी स्वतःच्या प्रेमात' हे वाक्य मला पटत नाही. कॅमेरा धरणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या घराच्या फोटोत आला, हे जास्त खरं वाटतं.

तर या आठवड्याचं काम. घरात कायम फोटो काढणारं जे माणूस आहे, त्याला हाताच्या अंतरात ओढा आणि एक सेल्फी काढा. कडेला सरकला, हलला, तरी राहू द्या.

पुढच्या भागात भेटू.